दिवस मुलाच्या घड्याळाने आखावा

सुट्टी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी मुलांचे जेवण, झोप किंवा शाळेची धास्ती यांवर लिहिणारे वाचक सहलींविषयी विचारू लागतात. या महिन्यातील बरीच पत्रे थीम पार्कच्या सहलीविषयी आहेत आणि लिहिणाऱ्यांची मुले बहुतेक सात वर्षांच्या आतली आहेत. काही प्रश्न एकमेकांशी जुळणारे असल्याने ते एकत्र केले आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत.

प्रश्न : आमची मुलगी साडेचार वर्षांची आणि मुलगा दोन वर्षांचा आहे. आम्ही तीन दिवसांसाठी एका मोठ्या थीम पार्कला जाणार आहोत. माझ्या पतीने तासातासाचे वेळापत्रक तयार केले असून त्यात दिवसाला चौदा राइड आहेत. मला हे फार वाटते. पण एवढ्या लांब जाऊन अर्धेच पाहून परतायचे, हेही मनाला पटत नाही. किती ठरवावे आणि किती मोकळे सोडावे?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. एका राइडसाठी सरासरी अर्ध्या तासाची रांग धरली, तर चौदा राइडचे सात तास नुसते उभे राहण्यात जातात. त्यात चालणे, शी-शू, जेवण, ओले कपडे बदलणे आणि दोन वर्षांच्या मुलाची दुपारची झोप मिळवली की दिवस संपला तरी यादी संपत नाही. मग संध्याकाळ ‘चला लवकर, अजून इतके राहिले आहे’ असे म्हणण्यात जाते आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप केला, त्या मुलांच्या वाट्याला आईवडिलांची घाई तेवढी येते. साडेचार आणि दोन या वयांच्या जोडीसाठी मी दिवसाला पाच गोष्टी ठरवीन : तीन सकाळी आणि दोन संध्याकाळी. त्यापलीकडे जे घडेल ते पदरात पडले म्हणून आनंदाने घ्यावे.

या पाच गोष्टी कुठे बसवायच्या, हे मात्र धाकट्याच्या झोपेने ठरवू द्यावे. उद्यान उघडल्यानंतरच्या पहिल्या तास-दीड तासात रांगा सहसा सर्वांत लहान असतात आणि सुदैवाने लहान मुलेही त्याच वेळी सर्वांत ताजीतवानी असतात. म्हणून दार उघडण्याआधी अर्धा तास तेथे पोहोचावे आणि सकाळच्या तिन्ही गोष्टी त्या वेळात उरकाव्यात. त्यातही लहानांच्या राइडना अग्रक्रम द्यावा. अनेक पालकांना वाटते की मोठ्या राइडना गर्दी असते, छोट्या पाळण्यांचे काय, ते केव्हाही करता येतील. प्रत्यक्षात गोलाकार फिरणाऱ्या छोट्या पाळण्यावर एका वेळी मोजकीच मुले बसतात, तो प्रत्येक फेरीनंतर पूर्ण थांबवावा लागतो, आणि मुलांना उचलून बसवणे, पट्टे लावणे, पुन्हा उतरवणे यात वेळ जातो. त्यामुळे दिसायला साध्या असलेल्या राइडची रांगही भर दुपारी मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेशी बरोबरी करते. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये उडत्या हत्तींची ‘डम्बो’ ही राइड 2012 मध्ये नव्या जागी हलवली, तेव्हा तिचे एकाऐवजी दोन पाळणे केले गेले आणि वाट पाहणाऱ्या मुलांसाठी छताखाली खेळण्याची जागाही बांधली गेली. चार वर्षांचे मूल अर्धा-पाऊण तास नुसते उभे राहू शकत नाही, हे तेथील आखणी करणाऱ्यांनीही जाणले, असाच याचा अर्थ मी घेते.

दुपारी बारा ते तीन-साडेतीन हा काळ वेळापत्रकात कोराच ठेवावा. राहण्याची जागा जवळ असेल तर सरळ खोलीवर परतावे, पडदे ओढावेत आणि दोन्ही मुलांना झोपवावे. आपणही झोपावे, कारण पालकांची चिडचिडही थकव्यातूनच येते. जागा लांब असेल तर उद्यानातच सावलीचा, कमी वर्दळीचा कोपरा शोधावा आणि धाकट्याला बाबागाडीत झोपू द्यावे. मोठ्या उद्यानांत बहुधा बाळांसाठी वेगळी खोली असते, जेथे दूध पाजता येते, लंगोट बदलता येतो आणि जरा वेळ शांत बसता येते. ती नकाशावर कुठे आहे, हे आदल्या रात्रीच पाहून ठेवावे. मोठी मुलगी झोपायला तयार नसेल तर दोघांपैकी एकाने तिला संथ, बसून पाहण्याच्या एखाद्या गोष्टीला न्यावे. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही बाहुल्यांच्या देखाव्यांमधून जाणारी नौकाफेरी 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी तयार झाली आणि 1966 मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये आली. तिला किंवा तिच्यासारख्या फेऱ्यांना धाडसी मुले नावे ठेवतील, पण उन्हाच्या वेळी सावलीत बसून, धक्के न खाता, आईच्या मांडीवर टेकून दहा-पंधरा मिनिटे जाणे ही त्या वयाची खरी गरज असते.

तीन दिवसांपैकी दुसरा दिवस अर्धाच ठेवावा. पहिल्या दिवसाच्या उत्साहाचा शीण लहान मुलांना दुसऱ्या दिवशी जाणवतो आणि पुष्कळशी रडारड त्याच दिवशी होते. त्या दिवशी उशिरा उठावे, पोहण्याच्या तलावावर किंवा साध्या बागेत जावे, आणि उद्यानात गेलातच तर केवळ संध्याकाळी.

आता मोकळ्या वेळाविषयी, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा मला तेथेच दिसतो. तुमच्या पतीला मोकळा वेळ वाया गेल्यासारखा वाटत असेल. मुलांना मात्र नेमका तोच वेळ स्वतःचा वाटतो. नेदरलँड्समधील एफ्टेलिंग या उद्यानातील परीकथांचे वन 1952 मध्ये सुरू झाले आणि ते आजही लहान मुलांनी गजबजलेले असते. तेथे झाडीतून पायी फिरत एकेका कथेचा देखावा पाहायचा असतो. त्या उद्यानातील काही कचरापेट्या तोंड उघडून बसलेल्या लठ्ठ पुतळ्यांच्या रूपात आहेत. ते पुतळे कागद मागतात, तोंडाशी नेलेला कागद आत ओढून घेतात आणि आभार मानतात. मुले मग वाटेवरचे कागद शोधून आणून पुन्हा पुन्हा त्यांना भरवत राहतात. ही राइड नाही, तिला रांग नाही आणि ती कोणाच्याही वेळापत्रकात नसते. तुमचा मुलगा कारंज्यापाशी वीस मिनिटे थांबला, तर ती वीस मिनिटे त्याच्या सहलीत धरावीत. घाई करून त्याला तेथून उचलू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : आमची तीन वर्षांची मुलगी चित्रांतील पात्रांची भलतीच चाहती आहे, म्हणून तिला मुद्दाम थीम पार्कला नेले होते. पण पोशाख घातलेले तेच पात्र समोर येताच ती किंचाळून रडू लागली. पुढे अंधार असलेल्या एका राइडमध्ये ती इतकी घाबरली की उरलेला दिवस तिने कशालाच हात लावला नाही. पुन्हा जाण्याचा विचार आहे. तिची भीती मोडण्यासाठी थोडा आग्रह करावा का?

उत्तर : आग्रह करू नये. तिची प्रतिक्रिया तिच्या वयाला शोभणारीच होती. चित्रात तळहाताएवढे दिसणारे पात्र प्रत्यक्षात तिच्या दुप्पट उंचीचे असते, त्याचे डोके अवाढव्य असते, चेहरा हलत नाही आणि बरेचदा ते बोलतही नाही. माणसाचा चेहरा वाचून समोरचा आपला की परका हे ठरवणाऱ्या मुलाला न बदलणारा चेहरा भिववतो. खरे आणि नाटकातले यांची सीमाही तीन वर्षांच्या मुलांच्या मनात पक्की झालेली नसते. म्हणून ‘अगं, तो आत माणूस आहे’ या समजावणीने दिलासा मिळण्याऐवजी गोंधळ वाढण्याचीच शक्यता अधिक.

पुढच्या वेळी अंतरापासून सुरुवात करावी. मिरवणुकीत किंवा मंचावर पात्रे लांबून पाहता येतात. तेथे लांबूनच हात हलवावा. नंतर तिने स्वतः म्हटले तर जवळ जावे, आणि तेव्हाही तिला कडेवर घेऊन पात्राशी आधी तुम्ही बोलावे. पात्राच्या पोशाखातील व्यक्तींना अशा मुलांची सवय असते; तुम्ही खूण केलीत तर ते गुडघ्यांवर बसतात किंवा दोन पावले मागे सरतात. फोटोसाठी रडत्या मुलीला कोणाच्याही हाती देऊ नये. तो फोटो पुढे घरात हसण्याचा विषय होतो, पण त्या क्षणी मुलीचा तुमच्यावरचा भरवसा डळमळतो, हे विसरता कामा नये.

राइडचा क्रमही बदलावा. दिवसाची पहिली राइड अशी असावी, जी बाहेर उभे राहून पूर्णपणे पाहता येते : लाकडी घोड्यांचे चक्र, छोटी आगगाडी, संथ फिरणारे कप. ती एकदा बाहेरून पाहावी, कुठे सुरू होते आणि कुठे थांबते हे तिला दाखवावे आणि मग बसावे. बंद इमारतीतील राइडची नावे गोड असली तरी आत अंधार, अचानक आवाज आणि एखादा खलनायक असू शकतो, हे आधीच तपासावे. बहुतेक प्रसिद्ध राइडची आत बसून केलेली चित्रफीत आज सहज पाहायला मिळते. प्रथम तुम्ही एकट्याने पाहावी, योग्य वाटली तर तिलाही दाखवावी. अनपेक्षितपणा गेला की भीतीचा मोठा भाग जातो. रांगेत उभे राहिल्यावरही तिने ‘नको’ म्हटले तर शांतपणे बाहेर पडावे. अशा वेळी बाहेर कसे पडायचे, हे तेथील कर्मचारी सांगतात.

आवाजाचाही विचार करावा. कानांवर बसणारी मुलांची ध्वनिरोधक साधने सोबत ठेवल्यास आतषबाजीचा आणि ढोलताशांसारख्या दणदणाटाचा त्रास पुष्कळ कमी होतो. आणखी एक क्षुल्लक वाटणारी, पण अनेक घरांनी अनुभवलेली गोष्ट म्हणजे स्वच्छतागृहातील आपोआप पाणी सोडणारी यंत्रणा. लहान मूल बसलेले असतानाच ती गर्जना करून पाणी सोडते, मूल दचकते आणि मग दिवसभर शू रोखून धरते. पिशवीत चिकटणाऱ्या कागदांचे छोटे गठ्ठे ठेवावेत. मूल बसण्याआधी यंत्रणेच्या डोळ्यावर एक कागद चिकटवावा आणि नंतर आठवणीने काढून घ्यावा.

प्रश्न : मोठा मुलगा नऊ वर्षांचा, धाकटा पाच वर्षांचा. धाकट्याची उंची एका राइडच्या अटीपेक्षा दोनच सेंटिमीटर कमी भरते. जाड तळाचे बूट घालून नेले तर चालेल, असे घरातील काही जण म्हणतात. तसे न केल्यास मोठ्याची मजाही बुडेल, अशी काळजी आहे.

उत्तर : असे कदापि करू नये. उंचीची अट शिस्तीसाठी लावलेली नसते. ती राइडच्या बांधणीतून येते. मांडीवर येणारा दांडा किंवा खांद्यांवरून येणारे कवच एका विशिष्ट आकाराच्या शरीराला धरून ठेवण्यासाठी घडवलेले असते. एका ओळीला मिळून एकच दांडा असेल तर तो शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाच्या मांडीवर अडतो आणि लहान मुलाच्या मांडीवर पोकळी राहते. वळणावर किंवा झटका बसल्यावर ते मूल त्या पोकळीतून सरकू शकते. बुटांच्या तळाने उभ्या मुलाची उंची वाढते, बसलेल्या मुलाच्या कमरेची आणि खांद्यांची जागा मात्र तीच राहते. दोन सेंटिमीटरचा प्रश्न असला तरी उत्तर ‘पुढच्या वर्षी’ हेच आहे.

प्रवासाला निघण्यापूर्वी घरीच भिंतीला टेकवून दोन्ही मुलांची उंची मोजावी आणि उद्यानाच्या संकेतस्थळावरील अटींशी ताडून पाहावी. एकाच उद्यानात या अटी वेगवेगळ्या असतात. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील मॅजिक किंगडममध्ये सात बुटक्यांच्या खाणगाडीला 97 सेंटिमीटर उंची लागते, तर ‘स्पेस माउंटन’ला 112 सेंटिमीटर. जे करता येणार नाही, ते धाकट्याला घरीच सांगावे. प्रवेशद्वाराशी अर्धा तास उभे राहून मग मापाच्या पट्टीपाशी नकार मिळणे हे पाच वर्षांच्या मुलासाठी फार मोठे दुःख असते, आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे.

मोठ्याची मजा बुडण्याचे कारण नाही. बऱ्याच मोठ्या उद्यानांत अशा कुटुंबांसाठी सोय असते. एक पालक मोठ्या मुलाला घेऊन राइड करतो, दुसरा धाकट्याजवळ थांबतो आणि नंतर दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता आत जाता येते. डिस्नेच्या उद्यानांत तिला ‘रायडर स्विच’ म्हणतात, इतरत्र तिचे नाव वेगळे असू शकते. राइडच्या प्रवेशापाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला रांगेत शिरण्याआधीच विचारावे. बाहेर थांबणाऱ्या पालकाने तो वेळ धाकट्याचा खास वेळ मानावा आणि त्यात काय करायचे हे धाकट्यानेच ठरवावे. नऊ आणि पाच वर्षांची मुले दिवसभर एकत्र हिंडलीच पाहिजेत, असा हट्ट तुम्हीही धरू नये. सकाळी सर्वांनी मिळून, दुपारी दोन-दोन जणांच्या जोड्या आणि संध्याकाळी पुन्हा एकत्र, अशी वाटणी मला अधिक समाधानाची वाटते. आणि अजून उद्यान निवडलेले नसेल तर तेथेही वयाचा विचार व्हावा. डेन्मार्कमधील बिलुंड येथे 1968 मध्ये सुरू झालेल्या लेगोलँडच्या धर्तीवरील उद्याने मुख्यतः दोन ते बारा वर्षांच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली असतात. तेथे तुमच्या दोन्ही मुलांना एकत्र करण्यासारखे बरेच मिळेल.

प्रश्न : पाच महिन्यांच्या बाळाला सोबत न्यावे का? मोठी बहीण चार वर्षांची आहे, तिला थांबवणे शक्य नाही.

उत्तर : न्यायला हरकत नाही; फक्त ऊन हा तुमचा मुख्य विषय असावा. सहा महिन्यांखालील बाळांना उन्हापासून वाचवण्यासाठी मलमापेक्षा सावली, सैल सुती कपडे आणि रुंद काठाची टोपी यांवर भर द्यावा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. बाबागाडीवर पातळ कापड पांघरून बाळाला झाकण्याची सवय अनेकांना असते, ती मोडावी. कापडाखाली हवा कोंडते आणि आतले तापमान झपाट्याने वाढते. गाडीला जोडलेले छत वापरावे आणि वारा खेळता राहू द्यावा. अंगावर पिणाऱ्या बाळाला उन्हात अधिक वेळा पाजावे लागते, म्हणून आईने स्वतःही पाणी भरपूर प्यावे. बाबागाडीच्या मापावर काही उद्यानांत मर्यादा असतात, त्या निघण्याआधी पाहाव्यात. कपड्यांचे दोन जोड आईसाठीही घ्यावेत, बाळासाठी तर घ्यावेतच.

प्रश्न : गर्दीत मूल हरवण्याची भीती मला इतकी वाटते की सहलच रद्द करावी असे मनात येते. मुलगा सहा वर्षांचा आहे आणि हात सोडून पळतो.

उत्तर : ही भीती मी पूर्णपणे समजू शकते. लहान असताना माझा मुलगा एका उद्यानात अवघी चार-पाच मिनिटे दिसेनासा झाला होता आणि ती मिनिटे आजही आठवतात. त्या दिवशी सर्वांत जास्त कमी पडली ती एकच गोष्ट : त्याने सकाळी कोणत्या रंगाचा सदरा घातला होता, हे मला सांगता येईना. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, की दारातून आत शिरण्यापूर्वी मुलाचा डोक्यापासून पायापर्यंत एक फोटो काढावा. कर्मचाऱ्यांना शब्दांत वर्णन करण्यापेक्षा तो फोटो दाखवणे कितीतरी लवकर होते.

मुलाच्या मनगटावरील पट्टीवर किंवा सदऱ्याच्या आतील बाजूला तुमचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. नाव बाहेरून दिसेल असे लिहू नये, कारण नावाने हाक मारणाऱ्या परक्यावर मूल चटकन विश्वास ठेवते. आत गेल्यावर कर्मचाऱ्यांचा गणवेश आणि छातीवरील नावाची पट्टी मुलाला दाखवावी आणि ‘मी दिसलो नाही तर अशा पट्टीच्या माणसाकडे जायचे’ हे त्याच्याकडून दोन-तीनदा वदवून घ्यावे. ‘एका जागी थांब’ हा दुसरा नियम. मूल शोधत फिरते आणि आपणही शोधत फिरतो, तेव्हा चुकामूक लांबते. मूल दिसेनासे झाले तर एका मोठ्याने शेवटच्या जागीच उभे राहावे, दुसऱ्याने लगेच कर्मचाऱ्याला सांगावे. मोठ्या उद्यानांत यासाठी ठरलेली व्यवस्था असते. संकोचाने दहा मिनिटे स्वतः शोधत बसू नये.

पाण्याच्या खेळांच्या भागात मात्र नियम वेगळा आहे. तेथे मूल हाताच्या अंतरावर असावे आणि लक्ष ठेवणारा मोठा माणूस नावानिशी ठरलेला असावा. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, हातही हलवत नाही. ते आवाज न करता पाण्याखाली जाते. ‘सगळे जण लक्ष ठेवून आहेत’ असे जेथे सर्वांना वाटते, तेथे अनेकदा कोणीच ठेवत नसते. दर वीस मिनिटांनी पाळी बदलावी आणि पाळीच्या वेळी फोन पिशवीत असावा.

प्रश्न : मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. सासूबाई म्हणतात, त्याला यातले काहीच आठवणार नाही, मग एवढा खटाटोप कशाला? त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : सासूबाईंचे निरीक्षण बरोबर आहे. बहुतेक प्रौढांच्या अगदी पहिल्या आठवणी साधारण तीन ते साडेतीन वर्षांच्या वयाच्या असतात आणि त्याआधीचे फारसे कोणालाच आठवत नाही. त्यामुळे केवळ ‘त्याच्या आठवणीसाठी’ दूरचा, दगदगीचा प्रवास करणार असाल, तर दोन वर्षे थांबणे शहाणपणाचे ठरेल. साडेचार-पाच वर्षांचे मूल बोलून दाखवते, निवड करते, रांगेत थोडे थांबते, आणि अधिक राइडना चालेल इतके उंचही झालेले असते. तोवर घराजवळच्या बागेतील आगगाडी आणि घसरगुंडी त्याला पुरेशी आहे.

पण घरातील सर्वांनाच जायचे असेल, मोठी भावंडे असतील, किंवा आजी-आजोबांसोबतची ही एकच संधी असेल, तर न आठवण्याच्या कारणावरून त्याला मागे ठेवू नये. पावणेतीन वर्षांच्या मुलालाही त्या दिवशीचा आनंद पूर्ण मिळतो, आणि पुढे काही महिने त्याला त्यातले बरेच आठवतही असते. ज्या घरांत झालेल्या गोष्टींविषयी मुलांशी सविस्तर बोलले जाते, तेथे मुलांच्या आठवणी अधिक तपशीलवार होतात, असे बालमानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात. सहलीनंतर दहा-बारा फोटो छापून घेऊन त्यांची एक वही करावी. रात्री झोपताना ती उघडून ‘मग घोड्यावर कोण बसले होते?’, ‘आजी कशाला हसली होती?’ असे त्याला विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. या कामाला सासूबाईंनाच बसवावे. त्यांच्याकडे त्या दिवसाचे तुम्हाला न दिसलेले तपशील निघतील.